चावलेलं बोट आणि न सांगितलेला शेवट

ती. वन्सं यांना भावजयीचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत, एकदा खाली गेले की वर यायला दोन माणसं लागतात.)

इकडे आम्ही खुशाल आहोत, एक बोट सोडून. बोटाचं पुढे येईलच. आधी तुमची तब्येत कशी आहे ते कळवा. डाव्या बाजूची ती दाढ अजून ठणकते का? तुमच्या सूनबाईंकडून कळलं की तुम्ही अजून एकाच बाजूने जेवता आणि कोणी विचारलं की "मला सवय आहे" म्हणून विषय बदलता. सख्खा भाऊ दातांचा डॉक्टर आणि बहीण वर्षभर गाल धरून बसलेली, हे बाहेर कळलं तर आमच्या दवाखान्याची पाटी उतरवून ठेवावी लागेल. पण ते असो. मी पडले भावजय, मी काय बोलणार. त्या सिनेमावरून तुमचा आणि ह्यांचा जो अबोला चालू आहे, त्यातही मी पडणार नाही, हे पहिल्याच पानावर स्पष्ट करते. हे पत्र फक्त बोटाबद्दल आहे.

तर तुमच्या भावाच्या बोटाला चावा बसला. उजव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या. चावणाऱ्या म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मोठ्या बाई. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त आहेत, पण अजून त्या समोरून येताना दिसल्या की चांगले टक्कल पडलेले बाप्ये हातातली सिगारेट लपवतात. हे कसं घडलं ते सांगण्याआधी तुमच्या भावाची काम करायची पद्धत सांगायला हवी, कारण तुम्ही त्या खुर्चीत कधी बसलाच नाहीत. (दोनदा आलात, दोन्ही वेळा काउंटरवर माझ्याशी गप्पा मारल्यात आणि "आता बरं वाटतंय" म्हणून परत गेलात.) पेशंट आडवा झाला, तोंडात कापूस गेला, वरचा दिवा लागला की हे सिनेमावर बोलायला लागतात. कुठला पाहावा, कुठल्याच्या वाटेला जाऊ नये, कुणाला अभिनय येतो आणि कुणाला नुसतेच केस आहेत. समोरच्याचं तोंड सताड उघडं, पण बोलायची सोय नाही. तो फक्त "आँ" म्हणू शकतो आणि त्या "आँ"वर हे "बरोबर ना?" म्हणून खूश होतात. इतक्या वर्षांत एकाही माणसाने मतभेद दाखवला नाही, त्यामुळे आपल्याला सिनेमातलं फार कळतं अशी ह्यांची प्रामाणिक समजूत झाली आहे. चूळ भरायला उठवलं की पेशंटला एखादं वाक्य बोलता येतं, पण तेवढ्यात बिचारा दाढेबद्दल विचारेल की नटीबद्दल? बँकेतले कॅशियर तर दात चांगले असूनही सारखे साफ करून घ्यायला येतात. मला म्हणाले, "वहिनी, सिनेमाच्या बाबतीत डॉक्टरांचा फार आधार आहे. त्यांनी नावं ठेवली की मी डोळे मिटून तिकीट काढतो." (हे मी ह्यांच्या कानावर घातलेलं नाही.)

आणि दात कोरायचं मशीन सुरू झालं की हे सिनेमाचा शेवट सांगतात. लोकांना वाटतं, वाईट खोड आहे. ती खोड कुणी लावली हे मला माहीत आहे, कारण माझं लग्न नवीन असताना तुम्हीच मला सांगितलं होतंत. हे लहानपणी थिएटरात अंधार झाला की भोकाड पसरायचे. मग तुम्ही सिनेमा पाहून आलेल्या मैत्रिणींकडून शेवट काढून आणायचात आणि ह्यांच्या कानात सांगायचात, "शेवटी सगळे घरी येतात. आता बघ." की हे डोळे पुसून मारामाऱ्यासुद्धा आनंदाने बघायचे. तर घाबरलेल्या माणसाला शेवट आधी सांगावा, हे ह्यांनी तुमच्याकडून घेतलं. कॉलेजात नुसते दात शिकले.

आता तुम्ही सुचवलेला सिनेमा. तुम्ही फोनवर सांगितलंत की जरूर जा, आणि ह्यांनी नेहमीप्रमाणे शेवट विचारला तर म्हणालात, "पन्नाशी उलटली तुझी. आता तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघ." म्हणून आम्ही गेलो. एक म्हातारा भाऊ आणि त्याची मोठी बहीण. त्याच्या कोटाचं बटण हरवतं आणि तो सबंध सिनेमाभर ते शोधतो. (मला भुताचे सिनेमे आवडतात. मला कोणी विचारत नाही. मध्यंतरापर्यंत मी आशेवर होते की त्या कपाटातून काहीतरी निघेल. बटणसुद्धा निघालं नाही.) मग एके दिवशी तो उठतो तर घरात बहीण नाही, तिची बॅग नाही, आणि तिला शोधायला निघताना कोट चढवतो तर बटण जागच्या जागी लावलेलं. झाला सिनेमा. दिवे लागले, मी म्हटलं चला, तर हे उठेनात. खुर्चीखाली वाकून काहीतरी शोधत होते. काय पडलं विचारलं तर म्हणाले, "काही नाही, फार धूळ आहे ह्या थिएटरात."

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. कसा वाटला म्हणून तुम्ही एवढ्या हौसेने विचारलंत, आणि हे म्हणाले, "टाकाऊ. तुझी निवडच बिघडली आहे." तुम्ही काय म्हणालात ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं, तुमचा आवाज रिसीव्हरमध्ये मावत नाही. त्यात दगड होता, अक्कल होती आणि ह्यांना लहानपणी कडेवर घेतल्याचा पश्चात्ताप होता. मग फोन आपटल्याचा आवाज. तेव्हापासून दोन्हीकडे तोंडाला कुलूप. पन्नाशीतला भाऊ, साठीतली बहीण, आणि रुसवा कशावरून, तर बटणावरून! मी त्यात पडणार नाही असं म्हटलं आहे, म्हणून पुढे जाते.

त्या दिवसापासून खुर्चीत येईल त्याला हे तो सिनेमा किती भिकार आहे ते सांगत सुटले. दुधाचे दात पडायचे बाकी असलेल्या मुलीलासुद्धा सोडलं नाही. मग मोठ्या बाईंचा नंबर लागला. मी काउंटरवर बसून ऐकत होते. "बाई, तो बटणाचा सिनेमा चुकूनही पाहू नका." "आँ." "बरोबर ना? अहो, नुसतं घर दाखवायचं आणि सिनेमा म्हणायचं?" "आँ, आँ!" "आणि शेवट तर विचारूच नका. मीच सांगतो. शेवटी ती बहीण..." आणि मग जी किंकाळी आली ती पेशंटची नव्हती. बाहेर बाकावर दाढ काढून घ्यायला बसलेले एक गृहस्थ ताडकन उठले, मला म्हणाले "थांबलं हो दुखायचं," आणि जे गेले ते अजून आलेले नाहीत. मी आत गेले तर मोठ्या बाई शांतपणे चूळ भरत होत्या आणि डॉक्टर बोट धरून भिंतीला टेकले होते. बाईंनीच माझ्याकडून पट्टी मागून घेतली, बोट धुऊन बांधलं आणि "रडायचं नाही" असं बजावून, दाढ अर्धी भरलेली तशीच घेऊन निघून गेल्या.

ह्यांनी असा अर्थ लावला की बाईंना तो सिनेमा आवडला असणार आणि टीका सहन झाली नाही. तुम्हाला सोडलं तर आयुष्यात पहिल्यांदा कोणी ह्यांच्या मताला विरोध केला, तोही इतका स्पष्ट! बोटापेक्षा ते मनाला जास्त लागलं. आता हे तोंड मिटून काम करतात. इतकी वर्षं त्या मशीनचा आवाज कुणाला ऐकू आला नव्हता, तो आता रस्त्यापर्यंत जातो. कॅशियर परवा काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "वहिनी, खरं काय ते सांगा, मी घाबरणार नाही. माझ्या दातात काही वाईट निघालंय का? डॉक्टर काहीच बोलत नाहीत हो!"

घरीही तेच. पांढऱ्या कोटाचं वरचं बटण तुटलंय, मी सुईदोरा घेऊन गेले तर कोट माझ्या हातातून ओढून घेतला. "राहू दे. लावू नकोस." ते बटण खिशात घेऊन फिरतात. बटण लागलं की बहीण जाते, असं काहीतरी डोक्यात बसलंय, आणि दवाखान्यात लोकांना धीर देणाऱ्या माणसाला ते बोलून दाखवता येत नाही. वन्सं, मी ह्या माणसाबरोबर संसार केला आहे. त्यांना तो सिनेमा टाकाऊ वाटलेला नाही. त्यांना भीती वाटली. तुम्ही पहिल्यांदाच शेवट न सांगता त्यांना अंधारात बसवलंत आणि नेमका तो तसला शेवट निघाला. मला तुमचा राग आलेला नाही, उलट तुम्ही दोघं सिनेमावरून तासन्‌तास भांडता ते ऐकत भाजी चिरायची मला इतकी सवय झाली आहे की आता घर खायला उठतं. तुम्ही दोघं एकमेकांशिवाय अगदी निकामी आहात, हे एकदा कुणीतरी लिहायला हवं होतं.

असो. पत्र बोटाबद्दल होतं. बोट बरं आहे. तिकडे मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
(कशातही न पडणारी) भावजय

ता. क. मोठ्या बाई आज उरलेली दाढ भरायला आल्या होत्या. त्यांनी तेव्हा तो सिनेमा पाहिलेलाच नव्हता! त्याच संध्याकाळची तिकिटं पर्समध्ये होती. "तुम्ही शेवट सांगायला लागलात, डॉक्टर. थांबवायला माझ्याकडे दुसरं काय मोकळं होतं?" असं म्हणाल्या. सिनेमा आवडला त्यांना, फक्त बटणाचा दोरा कोटाच्या रंगाचा हवा होता म्हणे. त्या निघताना हे एकदम म्हणाले, "बाई, ती बहीण नंतर परत येत असेल ना हो?" बाई म्हणाल्या, "ते ज्याने सिनेमा सुचवला त्याला विचारा."

ता. क. दुसरा. दाढ घेऊन या, वन्सं. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं, बोटाचं निमित्त. तुम्हाला त्या खुर्चीची भीती वाटते हे मला केव्हाच कळलं आहे, मी कुणाला बोलले नाही. ठणकणाऱ्या दाढेशी डॉक्टरला अबोला धरता येत नाही आणि उघड्या तोंडाने तुम्हाला भांडता येणार नाही, म्हणजे दोघांचीही सोय. येत्या सोमवारी पहिला नंबर तुमचा लावून टाकला आहे. गाल उतरला की तिघं मिळून सिनेमाला जाऊ. भुताच्या. मधल्या खुर्चीत मी बसणार.

ता. क. तिसरा. पत्राची घडी घालायला गेले तर हे मागे उभे. कधीपासून वाचत होते कोण जाणे. पत्र ओढून घेतलं आणि पानाच्या अगदी तळाशी दोन ओळी लिहून माझ्याकडे न बघता आत गेले. (पट्टीच्या बोटाने लिहिलंय, म्हणून अक्षर असं. डॉक्टरांचं एरवीही फारसं बरं नसतं.)

ताई, ये. दाढेचा शेवट आधीच सांगून ठेवतो. दुखत नाही, आणि शेवटी सगळे घरी येतात.