वळणावरचा धक्का

३ फेब्रुवारी १८८४

आजही पाणी नाही. मेंढ्या डार्लिंग नदीच्या पात्रातून चालत पलीकडे गेल्या — खूरसुद्धा ओले झाले नाहीत. माझ्या नवऱ्याची, जोसायाची आगबोट ऑगस्टपासून खाली कुठंतरी चिखलात रुतून बसलीय. धक्क्यावर लोकरीचे गठ्ठे उन्हात पडून. दुकानात पीठ संपत आलं. उरलंय काय, खिळे आणि मेणबत्त्या. त्याही उकाड्यानं वाकल्यात!

७ फेब्रुवारी

उकाडा. लिहिण्यासारखं काही नाही.

१० फेब्रुवारी

ट्रेलोअर लोहार आला. चहा माझाच, वर टोमणा — "काय कप्तानीणबाई, नदी कुठं गेली तुमची?" मग मुद्द्यावर आला. पूर्वेकडून रेल्वे येतेय, स्टेशनाला धक्क्यालगतची जागा हवी. म्हणजे आमची लोकरीची शेड.

"नवरा आल्यावर बघू."

"आणि आलाच नाही तर?"

चहा संपवू दिला नाही. घालवून दिलं.

स्टेशन म्हणे! या वळणावर होतं काय आधी? इथले मूळचे बार्किंजी लोक मासे धरायचे, तेवढंच. जोसायानं इथं बोट लावली, पीठ-चहा उतरवला. मेंढ्यावाले लोकर घेऊन आले. लोकरीसाठी शेड, शेडमुळं दुकान, दुकानामुळं दारूचा गुत्ता, गुत्त्यामुळं पोलीस — आणि सगळ्यात शेवटी चर्च! मोठा रस्तासुद्धा नदीसारखाच वाकडा. आता त्याला शहर म्हणतात. बार्किंजींना तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. मला निदान विचारताहेत.

१७ फेब्रुवारी

प्रार्थनेनंतर चर्चमध्येच सभा. जागा रेल्वेला द्यावी असं वाटणाऱ्यांनी हात वर करा. सगळे हात वर. माझ्या शेजारी हेस्टरचाही! माझी पोटची पोर!

घरी येऊन म्हणाली, "आई, मला बाबा घरी हवेत. वर्षातून दोनदा दिसतात ते."

"बाबांचा जीव आहे त्या नदीत."

"कधी विचारलंस त्यांना?"

दार आपटून गेली. जेवायलाही आली नाही.

२ मार्च

नदीच्या वरच्या अंगाहून तार — क्वीन्सलंडात पाऊस, पाणी सुटलंय. विश्वास ठेवायचंही त्राण नाही.

१४ मार्च

पाणी आलं! गढूळ, फेसाळ, काटक्या लोटत. अख्खं गाव काठावर. ट्रेलोअर बुटांसकट आत उतरला, तोंडावर पाणी मारत बसला. मला वाटतं रडत होता. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

६ एप्रिल

दुपारी शिट्टी. हेस्टर आणि मी तशाच धावलो. बोटीमागं ओढत आणलेला मालाचा पडाव, काठोकाठ बुडालेला. म्हटलं, पीठ! पोती निघाली थोडीशीच, तीही कीड लागलेली. खाली लोखंड. रूळ!

जोसाया उतरला. केवढा वाळलाय! हेस्टरला बराच वेळ सोडलंच नाही त्यानं.

"हे ओझं तुझ्या गळ्यात कुणी मारलं?" मी विचारलं.

"मीच मागून घेतलं, मर्सी. गेल्या वर्षीच. याच्याच वजनानं रुतलो."

"बोटीवाल्यानं रूळ आणायचे?"

"थकलो गं. पाणी आहे का, नाही का — आयुष्य गेलं बघण्यात."

"आणि मी इथं अख्ख्या गावाशी भांडतेय! तुझ्यासाठी!"

"माझ्यासाठी? मला वाटायचं, नदी तुलाच हवीय. म्हणून तर ओढत होतो इतकी वर्षं."



७ एप्रिल

शेड देऊन टाकली. बाहेर रूळ उतरवताहेत, कान फाटताहेत. नऊ वाजले तरी जोसाया गाढ झोपलाय. उठवलं नाही. दार लोटून घेतलं.