बोळातली फरशी

प्रिय दादू,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

मोरी तुंबलीय एवढंच तुला सांगितलं होतं. किती, ते नव्हतं सांगितलं. तीन आठवडे पाणी खाली जायचं नाव घेत नव्हतं. उलट शेजारी भांडी घासली, की त्यांचं खरकटं आपल्या मोरीत वर यायचं. मागच्या आठवड्यातल्या सोमवारी तेच पाणी उंबरा ओलांडून शिवणाच्या खोलीत आलं. शाळेचे बारा गणवेश भिजले. दोनदा धुतले तरी वास जाईना, शेवटी नवं कापड आणून पुन्हा शिवले.

शेजारच्याकडे गेले. तुझ्याबरोबर गोट्या खेळून आपल्याकडे जेवायला बसणारा तो, आता बोळाच्या बाजूला नवं स्वयंपाकघर वाढवून बसलाय. भर दारात, चार माणसांसमोर म्हणाला, “काकू, तुमच्या चिंध्यांनीच तुंबलंय. वय झालं, लक्ष राहत नाही.” तीस वर्षांत एक दोरा मी मोरीत जाऊ दिला नाही रे. पण दोन दिवसांत गल्लीभर सगळे तेच बोलायला लागले. समोरची बाई तर पोलक्याचं कापड परत घेऊन गेली.

मग मी तात्या प्लंबरला शोधून काढलं. तुझ्या बाबांनी आणि शेजारच्याच्या वडिलांनी मिळून दोन्ही घरांच्या सांडपाण्याची एकच लाइन टाकली, ती तात्याच्याच हातची. त्या लाइनवरच्या चेंबरचं, म्हणजे गाळ उपसायच्या खड्ड्याचं, झाकण बोळात कुठे आहे ते त्याला पक्कं ठाऊक. पण तिथे आता शेजारच्याची चकचकीत फरशी. फरशी तू उचलतोस की मी उचलू, असं शेजारच्याला विचारलं. बघू, म्हणाला. चार दिवस बघतच राहिला.

शनिवारी सकाळी हातोडा-छिन्नी घेऊन मीच बसले. तात्याचे गुडघे वाकत नाहीत. तो उभ्यानं सांगत होता, मी ठोकत होते. खिडक्यांत माणसं जमली. झाकण निघालं आणि आत काय, तर राडारोडा. घट्ट झालेलं सिमेंट, विटांचे तुकडे, त्याच्या नव्या ओट्याच्या फरशीच्या कपच्या. चिंधी एक नाही. एकेक कपची धुऊन मी त्याच्याच पायरीवर मांडली. तो पाहत राहिला. त्याची बायको मात्र घमेलं घेऊन आली आणि माझ्याबरोबर उपसायला लागली. दुपारी पाणी घळाघळा वाहून गेलं.

तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, “उगाच दमलात, काकू. दोन महिन्यांनी तुमचं घर मीच विकत घेतोय. तुमच्या मुलाशी बोलणं झालंय.”

मी हातोडा-छिन्नी उचलून निघाले. तुझी लाज त्याच्यासमोर काढायची नव्हती. घरी येऊन तीन आठवड्यांनी मनसोक्त पाणी अंगावर घेतलं आणि लिहायला बसले. तुला माझी काळजी आहे, हे कळतं मला. पण माझ्या घराचं तू त्याला आधी विचारलंस, मला नाही. घर माझ्या नावावर आहे. हात चालतात, मशीन चालतं, आता पाणीही जातं. मी सही करणार नाही. त्याला तसं तूच सांग, आणि या महिन्यात सांग. मग ये, चार दिवस राहा. कागद मात्र आणू नकोस.

तुझीच, पण या घरातच राहणारी,
आई