कपाटात ठेवलेला खेळ

गुरुजी, तुमच्या तेराव्याला मी जेवायला आलो होतो. पोटभर जेवलो, आणि मला काहीही वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुठंतरी रडारड येईल अशी आशा धरून बसायला नको. त्या दिवशी तुमच्या शोकेसमधले फुलाफुलांचे काचेचे पेले पहिल्यांदा बाहेर निघाले होते आणि पाहुणे त्यातून पाणी पीत होते. तुम्ही होतात तोवर त्या पेल्यांना पाण्याचा थेंब माहीत नव्हता. स्कॉलरशिपच्या अभ्यासाला आम्ही पोरं तुमच्या घरी यायचो, तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचो आणि समोर त्या पेल्यांकडं बघायचो. तुमच्या घरच्या बाई एकदा चुलीपुढून हळूच म्हणाल्या होत्या, "त्यांला भ्या वाटतं रं. फुटलं तर परत कुठून आणायचं म्हणत्यात." मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. स्वतःच्या भीतीला शिस्त म्हणवून घेणारी माणसं मला लहानपणापासून आवडत नाहीत.

गावात तुमचं नाव अजून मोठं आहे. "गुरुजींच्या काळात शाळेची एक चीज हरवली न्हाई," असं म्हातारी माणसं पारावर सांगतात. हरवणार कशी? वस्तू बाहेर काढली तर हरवणार ना. तुमच्या खुर्चीमागचं ते हिरवं लोखंडी कपाट साहेब तपासणीला यायचे त्या दिवशीच उघडायचं. पृथ्वीचा गोल, लाकडी ठोकळे, रंगीत मण्यांची पाटी, सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट टेबलावर मांडलं जायचं. साहेब चहा प्यायचे, छान छान म्हणायचे, आणि त्यांची जीप वेशीबाहेर पडायच्या आत सगळं परत कपाटात. मी पाचवीत आहे. साहेब समोर बसलेत आणि माझ्या हाताच्या अंतरावर पृथ्वी आहे. मी पिशवीवरूनच तिला बोट लावतो आणि ती फिरते, कुरकुर आवाज करत, सगळे समुद्र घेऊन फिरते. साहेब हसतात. तुम्हीही हसता. जीप गेल्यावर तुम्ही मला पुढं बोलावता, घसा खाकरता आणि तळहातावर पट्टी ओढत म्हणता, "गोल फिरवायचा न्हाई. बघायचा." गुरुजी, मीही आता मास्तर झालोय. पृथ्वी फिरते हे शिकवताना दरवर्षी तुमचं ते वाक्य आठवतं आणि दरवर्षी तुमची तितकीच कीव येते.

हे सगळं आज लिहायचं कारण एक खेळ आहे. तो तुम्हाला कळणार नाही, तरी सांगतो. चारपाच जण गोल करून बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे प्रत्येकी त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. सांगणारा म्हणतो, तुझ्यापुढं नदी आहे, आता काय करशील? तो सांगतो मी पोहून जातो. मग फासा टाकायचा, जमलं तर जमलं, नाहीतर गटांगळी. बस, एवढाच खेळ. डी.एड. करून नोकरी नव्हती तेव्हा मी पुण्यात एका खोलीत राहायचो. शेजारच्या फ्लॅटमधली कंप्युटरवाली पोरं शनिवारी हा खेळायची आणि एक जण कमी पडला म्हणून त्यांनी मला बोलावलं. त्यांचा थाट काय सांगू. परदेशातून मागवलेली विटेएवढी जाड पुस्तकं, मखमली पिशवीत वीस बाजूंचे फासे, हातानं रंगवलेले बोटभर सैनिक, वर त्या सैनिकांना ठेवायला फोमची पेटी. फाशाला कुणाचा घामट हात लागला तर मालकाचं तोंड वाकडं व्हायचं. मला म्हणाले, तू कोण होणार? मी म्हटलं, मेंढपाळ होतो, घरचंच काम आहे. त्यांनी पुस्तक चाळलं आणि म्हणाले, तसं पात्र यात नाहीये. जगात काहीही व्हायची मुभा असलेला खेळ, आणि माझा बाप त्यात बसत नव्हता. मी तीन शनिवार जादूगार झालो आणि तुम्हाला शिव्या घालत घरी आलो, कारण तुमच्यासारखी माणसं पुण्यातही निघतील असं मला वाटलं नव्हतं.

पण खेळ डोक्यातून जाईना. इकडं नोकरी लागल्यावर वाटलं, पोरांना शिकवावा. फोनवर शोधलं तर एक गृहस्थ भेटला, पाठीमागं निळे दिवे लावून बसलेला. म्हणे, स्वस्तात हा खेळ कसा सुरू कराल. आणि मग त्यानं जी यादी वाचली, नकाशांची वही, कार्डांचा संच, पाठीला टेका देणारी गादी, तेवढ्या पैशात आमच्या शाळेचं वर्षाचं खडू-फळा-झाडू निघून दोन खुर्च्या आल्या असत्या. गरिबी न बघितलेल्या माणसानं स्वस्त हा शब्द वापरू नये असा एखादा कायदा पाहिजे. मी फोन बंद केला आणि पोरांना चिंचोके आणायला सांगितले. ते दगडावर घासून फोडले की एक बाजू पांढरी, एक काळी. मूठभर टाकायचे आणि पांढरे मोजायचे, झाला फासा. खताच्या दुकानातून दरवर्षी फुकट येणाऱ्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. पात्रांसाठी लग्नपत्रिका. आपल्या भागात लग्नपत्रिकांना काय तोटा, चांगला जाड कागद आणि एक बाजू कोरी. युसूफ वडगाव या गावच्या बाजारातल्या सोडावाल्याकडून बाटल्यांची बुचं आणली, ती झाली माणसं. नियम मी भिंतीवर खडूनं चार ओळींत लिहिले. पोरांनी खेळाला नाव दिलं 'काय करशील'.

पहिल्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, सांगा, कोण व्हायचं? राजा व्हा, वाघ व्हा, उडता येणारं माणूस व्हा, इथं काही पुस्तकात बघायचं नाही. चौथीतली एक मुलगी आहे, तिचे आईबाप दरवर्षी ऊस तोडायला जातात. वर्गात तोंडातून शब्द काढत नाही, हजेरीला नुसती मान हलवते. ती म्हणाली, "मी मुकादम हुनार." मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवून कारखान्यावर नेणारा. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, अगं राणी हो की. ती म्हणाली, "रानीचं कोन ऐकतंय, सर?" मग बाकीच्यांनीही तिच्याच टोळीतली माणसं व्हायचं ठरवलं. एक म्हातारा, एक स्वयंपाकीण, एक जण बैल झाला आणि शेवटपर्यंत बैलच राहिला. अशी ती मुकादमीण डोंगर, जंगल, चोर असं करत टोळीला घेऊन निघाली, आणि दर शनिवारी शाळा सुटल्यावर तिचा आवाज एकेक पायरी वर चढत गेला. वर्गात ती पाढेही म्हणायला लागली. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, हिला काय औषध दिलंत?

दिवाळी जवळ आली तसे आम्ही एका पुलापाशी पोचलो. पुलाखाली एक राक्षस. तो म्हणतो, टोळीतला एक माणूस माझ्याकडं कायमचा ठेव, मगच पलीकडं जा. आता राक्षसाला आवाज पाहिजे, आणि गुरुजी, मला त्यासाठी लांब जावं लागलं नाही. मी घसा खाकरला आणि तुमच्या आवाजात म्हणालो, "हात लावायचा न्हाई. पूल खराब हुईल." पोरं हसली आणि घाबरलीसुद्धा. तुम्हाला कधी न बघितलेली पोरं तुम्हाला घाबरली याचा मला फार आनंद झाला. मग वाद पेटला, कुणाला ठेवायचं. म्हाताऱ्याला ठेवा, तो चालत नाही. स्वयंपाकीण नको, जेवायचं काय? बैल गप्प बसला. मुकादमीण म्हणाली, "इचार करून सांगते." दिवाळी झाली की तिची खरी टोळी निघणार होती, त्याआधी शनिवार उरले होते थोडेच. तिचं म्हणणं होतं, जायच्या आत पूल पार झाला पाहिजे. मी तिला शब्द दिला.

आणि मग केंद्रप्रमुख आले. त्यांनी चिंचोके बघितले, बुचं बघितली आणि त्यांच्या अंगात आलं. "सर, हे तर टाकाऊपासून टिकाऊ. ह्याला तालुक्याच्या प्रदर्शनात ठेवू, जिल्ह्याला जाईल." मुख्याध्यापकांनी त्याच संध्याकाळी थर्माकोल आणला. बुचं त्याच्यावर डिंकानं चिकटवली, चिंचोके टाचण्यांच्या मध्ये ओळीनं बसवले, नकाशाला प्लॅस्टिक चढवलं, लग्नपत्रिकांना चौकट काढली. वर स्केचपेननं झोकदार अक्षरात लिहिलं, कमी खर्चातील शैक्षणिक साहित्य. तालुक्याला नंबर आला, टाळ्या झाल्या, मला नारळ मिळाला. आता जिल्ह्याला जाईपर्यंत काही खराब व्हायला नको म्हणून सगळं काचेच्या कपाटात गेलं. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. पोरं मधल्या सुट्टीत काचेला नाक लावून आपला राक्षस बघत उभी राहायची. त्या शनिवारी मुकादमीण माझ्यापाशी आली तेव्हा मी म्हटलं, साहित्य कपाटात आहे ना बाळा, प्रदर्शन झालं की खेळू. ती मान हलवून गेली. पुढच्या शनिवारीही तेच सांगितलं. तालुक्यात चिंचेची झाडं कमी नाहीत, माझ्या घरी पत्रिकांचा गठ्ठा पडला होता, आणि मी कुणीतरी कपाट उघडण्याची वाट बघत होतो. तुम्ही शिकवलेलं असं हाडात मुरलेलं असतं, गुरुजी. त्याबद्दल तुमचे आभार मानणार नाही.

दिवाळीनंतर वस्तीवर ट्रक लागला. बाहेरगावच्या शाळेत दाखवायचं तिचं कार्ड द्यायला मी सकाळी गेलो, तर चढवाचढव संपत आली होती. पत्र्याच्या पेट्या, भांड्यांची गाठोडी, ताडपत्री, दोन शेळ्या, टोपल्याखाली कोंबड्या. ती सगळ्यात वर गाठोड्यांवर बसली होती, धाकटा भाऊ मांडीवर. खाली खेळातला बैल आणि म्हातारा निरोप द्यायला आले होते. मी कार्ड वर दिलं, नीट जा म्हटलं. ती म्हणाली, "सर, पुलाचं राह्यलं." माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, अगं साहित्य कपाटात आहे.

"पूल काय कपाटात हाय व्हय, सर?"

तिनं हे उद्धटपणानं विचारलं नाही. तिला खरंच कळत नव्हतं की एवढा मोठा माणूस हे काय बोलतोय. मला त्या क्षणी ट्रकच्या चाकाआड लपावंसं वाटलं. मी म्हटलं, नाही. पूल तुझ्यापुढंच आहे. राक्षस खाली बसलाय. आता काय करशील?

"मी कुनालाच ठेवनार न्हाई," ती म्हणाली. विचार तिनं कधीच करून ठेवला होता. "मी त्यालाच म्हनते, तूच चल आमच्यासंगं. एकटाच पुलाखाली बसलाय. कशापायी बसलाय ते त्याला तरी ठावं हाय का? अंगानं दनकट हाय, मोळ्या उचलंल."

तिची आई ट्रकच्या फळीला धरून वर चढत होती. ती म्हणाली, "काय बोलायली गं ही? कोन राकस?" बैल खालून ओरडला, "फासा टाकावा लागंल." मुकादमीण म्हणाली, "फासा कशाला? सर हायत की. त्यालाच इचारा, येतो का न्हाई."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी घसा खाकरला, आणि गुरुजी, तिथंच अडलो. तुम्ही नाही कसं म्हणता ते मला पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पण तुम्हाला कुणी चला म्हटलेलंच मी कधी ऐकलं नव्हतं, मग त्यावर तुम्ही काय म्हणता ते मला कुठून माहीत असणार? तिन्ही पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. तुम्हाला पुलाखालीच सडू द्यावं असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग तुमच्या आवाजात मी म्हणालो, "येतो. सरका जरा."

तिनं भावाला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि गाठोड्यावर शेजारी हातभर जागा केली. ट्रक हलला.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही आणि शाळेच्या कुठल्या अंकात तुमच्यावर चार चांगल्या ओळीही लिहिणार नाही. तुमच्याविषयीचं माझं मत होतं तेच आहे. फक्त ट्रक वळणाआड जाईपर्यंत मी त्या रिकाम्या जागेकडं बघत उभा होतो, आणि रस्ता खराब आहे, तुम्ही नीट धरून बसलात ना, असं मला वाटून गेलं.