न्हाणीघरातला न पुसलेला जोड

मी, सत्यभामा नागोराव मुनेश्वर, वय एकोणपन्नास, धंदा नळजोडणी, राहणार आर्णी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात यवतमाळला माझे गर्भाशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीला घातलेले नाही. उलट लिहू नये असेच वाटत होते, कारण हे एक दिवस माझ्या मुलासमोर वाचले जाईल.

१. राहते घर माझे पती नागोराव यांच्या पश्चात माझ्या नावावर आहे. ते मुलगा राजदीप आणि सून मोनाली यांना निम्मे-निम्मे मिळावे. मध्ये भिंत घालू नये.

२. बँकेतली शिल्लकही दोघांची. त्यातून मी गेल्यावर माझे पुण्यानुमोदन साधे करावे. वरण-भात आणि एक भाजी पुरे. बुंदी नको. नागोरावांच्या वेळी ती उरली आणि मला फार वाईट वाटले.

३. धाकटे दीर बबलू यांनी नेलेले ड्रिल मशीन त्यांचेच समजावे. नागोराव गेल्यावर मी पहिल्यांदा पाइप तापवून जोडायची गॅसची बत्ती पेटवली, तेव्हा ते पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "बायकायचं काम नाही हे, वहिनी. घर जाळसान." घर जळले नाही. मशीनही परत आले नाही. माझी तक्रार मिटली आहे असे लिहिते, पण पूर्ण मिटलेली नाही.

४. कटर, ब्रश, पेस्टचे डबे, डाखाची तार आणि नागोरावांची गॅसची बत्ती मोनालीला द्यावी. सोलरच्या गरम पाण्याची तांब्याची लाइन ती माझ्यासारखीच जोडते. पाइपाचे टोक पॉलिश पेपरने चकचकीत करते, मग ब्रशने पेस्ट लावते. पेस्ट किती, तर डोळ्यात काजळ घालतात तेवढी, असे नागोराव सांगत. पेस्ट असली तरच वितळलेला डाख जोडात ओढला जातो. पण डाख बसल्यावर तीच पेस्ट ओल्या कपड्याने पुसावी लागते. राहिली तर तांबे खाते, हिरवा डाग पडतो आणि काही महिन्यांनी जोड गळतो.

५. राजदीप भाकरीवर लोणी थापावे तशी पेस्ट लावतो आणि न पुसता उठतो. मी कपडा घेऊन त्याच्या मागे जाते. आता गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक झाले आहे. कळंबला एकांनी त्याला शिडीवरच विचारले, "मायचा कपडा फिरला का रे? मंगच पान्याचा वॉल खोलतो." राजदीपने मान खाली घातली. मी कपडा पिशवीत ठेवायला हवा होता. मी शिडीवर चढले.

त्याने पाइप आणावेत, गिऱ्हाईक सांभाळावे, पण तांब्याच्या जोडाला हात लावू नये, अशी माझी इच्छा आहे. तो पोटचा मुलगा आहे, तरी लिहिते. मागच्या आठवड्यात त्याने आपल्या न्हाणीघरात एक जोड केला. तो मी पुसलेला नाही आणि त्याला बोललेही नाही. कोणीही पुसू नये. तो हिरवा होऊन गळू लागला की त्याला या कलमाचे कारण कळेल.

सही करण्यापूर्वीची जोड:

आज सकाळी अंघोळीला गेले तर तो जोड स्वच्छ होता. भिंतीकडची बाजूसुद्धा, जिथे माझा हातही नीट पोचत नाही. मी मोनालीवर रागावले. ती म्हणाली, "मी नाही पुसला, आई. मले वाटलं, तुमीच."

राजदीप अंगणात गाडी पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "तू दवाखान्यात राह्यशीन तं कोन पुसन मंग?"

मी आत येऊन भाजी निवडत बसले.

म्हणून कलम ५ रद्द समजावे. बत्ती मोनालीचीच राहील. जोड कोणी करायचा ते त्या दोघांनी ठरवावे. कलम मी खोडलेले नाही. साक्षीला आलेल्या शेजारच्या विमलताई म्हणाल्या, "नवा कागद घे न बाई, पोराले दिसन ते." दिसू दे. तो जोड गळावा म्हणून मी वाट पाहत होते, हे माझ्याच अक्षरात राहावे. राजदीप, तिथे वाचायचे थांबू नकोस. इथपर्यंत ये.

सही: सत्यभामा नागोराव मुनेश्वर

बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या:
१. विमल देवराव ठमके, शेजारीण
२. गुलाबसिंग राठोड, हार्डवेअर दुकानदार

ठिकाण: आर्णी
दिनांक: १२ जुलै २०२४