गुरुवारची सुट्टी आणि माझी लुडबुड

रविवार, ४ फेब्रुवारी १९७९. भोसरी

भरल्या पाहुण्यांत लेकानं मला सुनावलं, "आये, लुडबुड करू नको. आत जा." ज्याला मी बोलायला शिकवलं, त्यानं. बरं, वहीबाई, रामराम. तुझ्याशी भांडण न्हाई. बाकी सगळ्यांशी हाय.

वही मंगलची, माझ्या नातीची. धावीची उरलेली, निम्मी कोरी. म्हणाली, आजी, दुसरीपातुरचं अक्षर गंजून चाललंय तुझं. लिहीत जा, तोंडाला पण जरा इसावा.

झालं ते असं. मंगलला बघायला चिखलीचे लोक आले. मुलगा सुरेश. स्थळ आणलं सुनेच्या भावानं, विलासनं. पोरगा म्हणे भोसरीतच मोठ्या कंपनीत, परमनंट. सकाळी अकराला आले, पोहे झाले, जेवणं झाली, चार वाजले, पोरगा निवांत. मी एवढंच विचारलं, "रजा टाकलीस व्हय बाबा?" तो म्हणाला, "न्हाई आजी, आज सुट्टीच की." तेवढ्यात लेकानं, दत्तूनं, डोळे वटारले आणि बोलला ते वर लिहिलंय.

अरे, भोसरीच्या कारखान्यांना वीज पुरत न्हाई म्हणून सुट्टी गुरुवारी. शेंबड्या पोराला ठाऊक. आमच्यात गुरुवारी डोकी भादरतात, गुरुवारी मटण शिजतं. दत्तगुरूंचा वार, पण करतो काय, कंपनी देवाच्या वरची. दत्तूला स्वतःला आजची रजा टाकावी लागली. बारा वर्षं इथल्याच कंपनीच्या फाटकातून आत जातो, आणि डोक्यात उजेड पडंना.

सोमवार, ५

सुनेला, शालनला, भाकरी थापता थापता सांगितलं, पोरगं रविवारी घरी असतं, म्हणजे भोसरीत न्हाई. ती म्हणाली, "आत्याबाई, माझ्या भावानं बघितलंय ना सगळं? उगा लुडबुड नका करू."

दोन दिवसांत दोनदा. ठरवलं, शब्द आला की पानाच्या कडेला एक रेघ ओढायची. I I

मंगळवार, ६

विलास आला. मी सरळ विचारलं, कंपनी कुठली, सुट्टी कधी? म्हणाला, "मावशी, मोठ्या कंपनीला सुट्टीचा काय नेम? तुमी देवाचं नाव घ्या." चहा दोनदा प्याला. उत्तर एकदा पण न्हाई.

तो गेल्यावर दत्तू म्हणाला, इलासराव सल्ला देतात, तू लुडबुड करतेस. I

विचार करत बसले. शेजारची अनुसया रोज आमच्या कालवणाचा वास घेऊन काय शिजलं विचारते, ती चौकशी. दत्तूचा साहेब ह्याचं ओव्हरटाइम त्याला देतो, तो कारभार. पुढारी करतात ती ढवळाढवळ, पेपरात छापतात. चोंबडेपणा म्हणजे इकडचं तिकडं सांगणं, तो माझ्यात न्हाई, मी जागच्या जागी तोंडावर सांगते. आणि लुडबुड? रांगतं पोर चुलीपाशी येतं, मांजर पायात येतं, त्याची लुडबुड. म्हणजे बारकी न् म्हातारी. मधल्या वयात जे करशील ते काम.

मधल्या वयात मी ह्याच दत्तूचं लग्न जमवलं. तेव्हा कुणी म्हटलं न्हाई लुडबुड. शालन कुणामुळं आली ह्या घरात?

गुरुवार, ८

आज भोसरीला सुट्टी. सुरेश खरंच इथल्या कंपनीत असेल तर आज घरी पाहिजे. साधा हिशेब, दुसरी पास बाईला जमतो.

घरी सांगितलं, अनुसयेबरोबर चिखलीला तिच्या मावसबहिणीकडं जाते. खोटं न्हाई. बहीण हाय. फक्त सुरेशच्या घराला पाठ लावून राहते.

बस वेळेवर मिळाली न्हाई, अर्धी वाट चाललो. अनुसया सारखी, "कुणी बघितलं तर?" म्हटलं, बघू दे, आपण काय चोरी करतोय? बघायलाच चाललोय.

सुरेशची आई जात्याजवळ डाळ पाखडत होती. ओळखलं मला. लाजली न्हाई, घाबरली न्हाई, पहिला चहा टाकला. मी म्हटलं, सुरेश दिसत न्हाई? म्हणाली, "कामाला गेलाय की, पुण्याला. रविवारी गावतो घरी." कंपनीत न्हाई? "कंपनीत कधी व्हता? सहा वर्सं झाली, पुण्यात एका वर्कशॉपात लेथवर हाय, लोखंड काततो. मालक चांगला. इलासभाऊंना पहिल्याच दिवशी सांगितलं आमी."

म्हणजे लबाडी पोराची न्हाई, आईची न्हाई. विलासनंच लेथ काढून तिथं कंपनी बसवली.

बाई चांगली. घागरी घासलेल्या, अंगण सारवलेलं. येताना ओंजळभर वाल दिले. मला आतून बरं वाटलं न्हाई. कुणी विश्वासानं वाल दिले की चौकशीचं तोंड वाकडं होतं.

शुक्रवार, ९

सांगितलं घरात. नको होतं सांगायला, पण पोटात ठेवून जेवण जाईना.

दत्तू उसळला, "लेथवाला? आज काम, उद्या न्हाई! फंड न्हाई, कँटीन न्हाई. मोडून टाका!" शालन रडायला लागली, भावाचा आब गेला म्हणून. मग दोघं मिळून माझ्यावर. "तुला कुणी सांगितलं चिखलीला जायला?" "बायकामाणसांनी आधी जाऊन बसायचं त्यांच्या दारात?" लुडबुड, लुडबुड, आणि एकदा नुसतंच "हिची सवय!" ती अर्धी रेघ धरली. I I ı

म्हटलं, मी मोडा कधी म्हटलं? मी वार विचारला. लेथवर काय चोऱ्या करतात का? तुमच्या कंपनीतले बोल्ट कुणीतरी कातलेलेच असतात ना?

दत्तू तिरमिरीत सेकंड शिफ्टला गेला. डबा इथंच. तो पण माझ्याच नावावर.

शनिवार, १०

मंगलनं दिवसभर भांडी अशी आपटली की वर पत्रा वाजला. शेवटी मीच म्हटलं, तुला काय झालं ग?

म्हणाली, "मामानं जमवलं. बाबानं मोडलं. आई रडली. तू चिखलीला जाऊन आलीस. मला कुणी काय विचारलं?"

मी म्हटलं, अग, तुझ्याच भल्यासाठी गेले, खरं काय ते कळाया नको?

"मला म्हाईत होतं, आजी."

कधीपासून?

"रविवारीच. पोहे देताना त्याच्या नखात काळं ऑइल होतं. परसात हात धुवायला पाणी दिलं तेव्हा विचारलं, काय काम करता? तो म्हणाला, पुण्यात लेथवर. मामानं कंपनी सांगितली हे त्याला ठाऊकच नव्हतं."

मग बोलली का न्हाईस?

"बोलायला जागा कुठं ठेवली तुमी? आधी मामा, मग बाबा, मग तू. तू पण मला सोडून अख्ख्या चिखलीला विचारलंस."

न मिळालेली बस, पायातला धुरळा, अनुसयेची कटकट, आणि जे हवं होतं ते माझ्याच चुलीपाशी भाकरी भाजत होतं.

आज कुणी शब्द काढला न्हाई. पण एक रेघ मीच ओढली. I

सोमवार, १२

दत्तूचा नकार पोचला, तसा चिखलीहून निरोप. सुरेशचे आईवडील म्हणतात, आमच्याकडून लपवाछपवी न्हवती, समोरासमोर बसून बोलू, मग हो म्हणा का न्हाई. तुमच्या सोयीनं गुरुवारी येतो. सुरेशनं मालकाकडून गुरुवारची रजा घेतलीय.

दत्तूला म्हटलं, बघ, आता त्यानं टाकली रजा. त्यांनी येऊ नये असं काही म्हणाला न्हाई. एवढं पुरे.

बुधवार, १४

उद्या येतील. विलास म्हणतो, मी सांभाळून घेतो. सांभाळलंस तेवढं बास, म्हटलं. दत्तू म्हणतो, मी रोखठोक बोलतो. शालन म्हणते, "आत्याबाई, उद्या तुमी फक्त बसा." मटण न्हाई, वालाचं बिरडं करायचं, त्यांच्याच वालाचं. एवढं माझं चाललं.

दुपारी मंगलला हळूच विचारलं, काय सांगणार ग उद्या? गालात हसली. "आजी, लुडबुड?"

हो की न्हाई, काही कळू दिलं न्हाई कार्टीनं. माझ्यावरच गेलीय.

चुलीपाशी सगळ्यांना बसवून सांगितलंय, आणि इथं पण लिहून ठेवते, उद्या कुणी विसरलं तर पान उघडून तोंडापुढं धरीन: चिखलीच्या लोकांनी विचारलं की बोलायचं मंगलनं. दत्तूनं न्हाई, शालननं न्हाई, विलासनं तर खोकायचं पण न्हाई. मी पण न्हाई. ती किती का वेळ लावंना, सगळ्यांनी गप बसून ऱ्हायचं, आणि उत्तर तिनंच द्यायचं.