पाच कापडांचं कफन

नजा हिलाल, ३ रजब

बिशारी दाजींस शाझलीचा सलाम, वि. वि.

काल दुपारी नफीसा चालत माहेरी आली. डावा हात कोपरातून लोंबत होता, कानातून रक्त. बाजेवरून पडले, म्हणाली. आई म्हणाली, एकोणतीस वर्षं त्याच बाजेवरून पडतेस, आता तरी जमिनीवर निजत जा गं! कुणी हसलं नाही.

माझ्या पोरांनी तुमच्या दारात तुमची म्हैस गोळ्या घालून मारली. पुढची गोळी म्हशीसाठी नाही, म्हणतात. काडतुसं मी काढून घेतलीत, पण शुक्रवारपर्यंतच. जुम्याच्या नमाजेनंतर अनवाणी, उघड्या डोक्याने, स्वतःचं कफन दोन्ही हातांवर घेऊन या. मी ते तुमच्या जिवाच्या बदली घेईन, बकरा कापीन, रक्त तिथंच थांबेल. मग बहिणीला न्या.

लोभ मागायला आज तोंड नाही.
शाझली

४ रजब

शाझलीस सलाम.

हात माझाच उठला. फराजच्या सासरच्यांपुढे तिने मला खोटं पाडलं आणि ऊसतोडीच्या कोयत्याचा दांडा हाताशी होता. फराज तुझ्या पोरांची वाट बघत बंदूक घेऊन छपरावर बसलाय; उतर म्हटलं तर पोटच्या पोराने मला लाथ घातली. मरणाची नाही, त्या रस्त्याची भीती वाटते. तरी येतो. हजहून तिने दोघांची कफनं झमझमच्या विहिरीच्या पाण्यात भिजवून आणली होती. पेटीत शोधतो. चूल थंड आहे, तिला सांग.

दुवेत आठवण ठेव.
बिशारी

८ रजब

फराजच्या बाबांस सलाम.

तुम्ही आलात. गच्चीवर बायका रडल्या. बकऱ्याचं रक्त कफनावर उडालं, पोरांनी बंदुका खाली ठेवल्या, अल्लाहची कृपा. मग भाऊ मला म्हणाला, आवर, निघायचंय.

डाग धुवायला मी घडी मोडली. पुरुषाला तीन कापडं, बाईला पाच. पाच निघाली. पेटी कधी उघडली नाहीत, म्हणून चुकलात. पण माझं मरण हातांवर घेऊन तुम्ही गावातून चालत आलात, आणि त्यावर भावाने तुम्हाला माफ केलं. मला कुणी विचारलं नाही. भावाला म्हटलं, ह्या माणसाने तुझ्या दारात स्वतःचं काय ठेवलं रे?

मी येणार नाही. तुमचं कफन पेटीच्या तळाशी, हिरव्या फडक्यात आहे. माझं धुऊन गच्चीवर वाळत घातलंय. एका हाताने पिळायला वेळ लागला.

फराजला दुवा.
नफीसा