ते बारीक जेट मीच बसवलं होतं

प्रिय वहिनी,

आज कचेरीत हुकूम आला. मध्यभारत राज्य संपलं, राजधानी आता भोपाळ, आणि माझी बदलीही तिकडेच. सोमवारी निघायचंय. जाण्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती, आणि तुम्ही तर गेल्या श्रावणातच हे जग सोडून गेलात! समोर होतात तेव्हा सहा वर्षं जीभ रेटली नाही. म्हणून हे पत्र.

दादा गेल्यावर तुम्ही सुईणीचं शिक्षण घेऊन सरकारी नोकरी धरलीत, तेव्हा आई पंधरा दिवस तुमच्याशी बोलली नव्हती. आठवतं? मग तुम्ही माझ्यापुढे येऊन उभ्या राहिलात. "भाऊजी, बैलगाडीनं खेड्यात पोचायला अर्धा दिवस जातो. तुमची ती फटफटी आहे ना?"

लढाईत वापरलेली, लिलावात घेतलेली लहानशी टू-स्ट्रोक! शेताडीच्या वाटेवर बरी चालायची, पण दोघं बसलो की तापायची. तुम्ही कातडी बॅग मांडीवर घेऊन मागे बसायचात आणि विचारायचात, "हिला सारखा बुखार का येतो हो?"

मी हसून टाळायचो, कारण उत्तर मला ठाऊक होतं. कार्बोरेटरमध्ये पितळेचं इवलंसं जेट असतं, त्याच्या भोकातून पेट्रोल जातं. पेट्रोल तेव्हा कूपनावर मिळायचं, म्हणून मी मूळचं काढून बारीक भोकाचं जेट बसवलं होतं. त्या इंजिनाला तेलही पेट्रोलमध्ये मिसळूनच मिळतं. दोन्ही कमी पडलं की ते भाजून निघतं. हे मला कळत होतं, वहिनी.

मग वैशाखातला तो दिवस. खेड्यातल्या अडलेल्या रामप्यारीचा सासरा बैलगाडी घेऊन दारात आला. "बाईजी, जल्दी चलो, सुबह से तड़प रही है." त्याला मागून यायला सांगून आपण पुढे निघालो. निम्म्याहून जास्त वाट झाली आणि गाडी कचकन थांबली. पिस्टन चिकटला होता. तुम्ही बॅग उचललीत, लुगडं खोचलंत आणि उन्हात चालू लागलात.

मी गाडी ढकलत पोचलो तेव्हा तुम्ही ओट्यावर हात धूत होतात. "बाई वाचली. मूल नाही." मग माझ्याकडे बघून म्हणालात, "ते आधीच गेलं होतं, भाऊजी. गाडीचा दोष नाही."

खरं होतं का ते? की माझं तोंड बघून म्हणालात?

नवा पिस्टन बसल्यावर तुम्ही अंगणात पाट टाकून बसलात. "आज हिचा बुखार उतरवूनच उठायचं!" मी एकेक जेट बदलून नानाखेड्याकडे भरधाव जायचो, तिथंच इंजिन बंद करून प्लग काढायचो, दुसरा लावून परत यायचो. पेट्रोल कमी पडलं की प्लग पांढरा, जास्त झालं की काळा. पहिला बघून तुम्ही म्हणालात, "खडूसारखा पांढरा." त्यापुढच्यावर काजळी. तिसरा बघून मात्र हसलात. "हा बघा! रवा बेताचा भाजल्यासारखा. हेच राहू द्या."

मग ते बारीक जेट तुम्ही उजेडात धरलंत. "हे कोणी बसवलं होतं?"

"आधीपासूनच होतं," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग "चहा टाकते" म्हणून आत गेलात.

कळलं होतं ना तुम्हाला? मग रागावला का नाहीत! एकदा तरी खडसावायचं होतंत. तुमच्या त्या गप्प राहण्याचा मला अजून राग येतो, वहिनी.

गाडी पुन्हा कधी अडली नाही. दोन वर्षांनी त्याच घरात रामप्यारीला मुलगी झाली, आणि तुम्ही ती आधी माझ्या हातात दिलीत. तेव्हा सांगणारच होतो. तुम्ही म्हणालात, "डोकं सांभाळा तिचं." मी नुसतं डोकं सांभाळत राहिलो.

तुमच्या जागी आलेल्या नव्या बाई फटफटी चालवायला शिकल्यात. गाडी त्यांनाच देतोय. प्लगचा रंग कसा बघायचा तेही दाखवलंय.

उद्या रविवार. उद्या मी रामप्यारीकडे जाणार आहे. ती नेहमीसारखी "बाईजी के देवर आए" म्हणत खाट टाकेल, गूळ-पाणी आणेल. पाण्याला हात लावायच्या आधी मी तिला सगळं सांगेन. ती रडेल, कदाचित घराबाहेर काढेल. मूल आधीच गेलं होतं, हे तुमचं वाक्य मात्र मी ढालीसारखं पुढे करणार नाही. वचन देतो.

तुमचा धाकटा दीर,
विनायक